तळमजल्याची भाडेकरू

तृप्ती : आत्या, इकडं ये. हा कॉलम ठोकते, ऐक. ऐकलास? आता हा ऐक.

कौसल्या : दुसरा पोकळ वाजून राह्यला.

तृप्ती : पोकळच झालाय. आतली सळई गंजून फुगली, त्यामुळं बाहेरचं काँक्रीट सुटलं. त्यावर प्लास्टर थापून रंग दिलाय. वास येतोय बघ अजून.

कौसल्या : घर विकनारे रामप्रसादभाऊ म्हन्ले, रंग दिवाळीला दिला.

तृप्ती : आजी, रंगारी कधी आले होते?

चांगुणाबाई : मला काय इचारता बाई. मी हितली भाडेकरू.

तृप्ती : भाडेकरूला रंगारी दिसत नाहीत का?

चांगुणाबाई : बुधवारी आल्ते. दोघं. माझं सामान भाईर काढलं आन् एवढाच खांब रंगवून गेले.

कौसल्या : तृप्ते, तुला मी संभाजीनगरहून बोलवलं ते तू इंजिनियर हायस म्हणून. रंगाचं राहू दे. हे नीट होतं का न्हाई, एवढं सांग.

तृप्ती : कॉलम होईल. चारी बाजूंनी नवी सळई बांधून नवं काँक्रीट भरायचं. मागची संडासची टाकी पाझरतेय, तीही होईल. होणार नाही ते वर आहे. महापालिकेतून नकाशा काढला मी. परवानगी तळमजल्याची आणि पहिल्या मजल्याची आहे. दुसरा मजला नकाशातच नाही.

कौसल्या : असा कसा न्हाई? मी काल गेल्ते तिथं. फरशी हाय, मोरी हाय.

तृप्ती : फरशी आहे, परवानगी नाही. उद्या नोटीस आली तर ती तुझ्या नावानं येईल, विकणाऱ्याच्या नाही.

कौसल्या : तो मजला दैवशालाचा ठरलाय. पडदे शिवायला टाकले तिनं.

चांगुणाबाई : तुमी भैनी भैनी हाव का?

कौसल्या : न्हाई बाई. तिघी सिस्टर. मी, नंदाबाई आन् दैवशाला. एकाच दवाखान्यात नोकरी झाली. माझा मालक गेला, नंदाबाईचं लगीन झालं न्हाई, दैवशालाची पोरगी लांब दिलेली. मंग ठरवलं, एका छताखाली चार बिऱ्हाडांचं घर घ्यायचं. एकेक घर एकेकीला, चौथं भाड्यानं द्यायचं. कुनी पडलं झडलं तर दोघी हाकेला.

चांगुणाबाई : जालन्यात भाड्याची घरं लई हायेत की.

कौसल्या : हायेत. सा महिने फिरलो. पसंत बी पडायचं. मंग आडनाव इचारायचे, आन् आडनाव सांगितलं की ते घर नेमकं कालच दुसऱ्याला दिलेलं असायचं. नंदाबाई म्हन्ली, आता भाड्यानं नको. असं घर घिऊ की तिथं कुनी आडनाव इचारनारच न्हाई.

तृप्ती : आत्या, पाया किती खोल आहे ते कुणाला माहीत असेल? तीन मजल्यांचं वजन हा पाया घेतो का, तेच कळत नाही.

चांगुणाबाई : पाच फूट.

तृप्ती : काय?

चांगुणाबाई : पाच फुटाला मुरूम लागला. खाली जायाचं व्हतं, पन पानी आलं. तव्हाच ठरलं, दोन मजल्यांच्या वर चढायचं न्हाई.

तृप्ती : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

चांगुणाबाई : सांगायचं काय त्यात. माती मीच उपसली. स्लॅबला पानी मारलं एकवीस दिवस. बाप गवंडी व्हता माझा, दुसऱ्याच्या कामावर जाऊन आला की सांजच्याला हितं भिंत घालायचा. लई वर्सं लागली.

कौसल्या : तुमचा बाप? तुमच्या बापानं बांधलं हे?

चांगुणाबाई : मी भाडेकरू हाय बाई. मला काही इचारू नका.

कौसल्या : बाई, इकडं बघा. रामप्रसादभाऊचे वडील बी गवंडीच व्हते. कडूबा नाव. मालमत्ता पत्रकावर आधी त्यांचंच नाव हाय, मंग भाऊचं.

(चांगुणाबाई आत जायला वळतात.)

कौसल्या : रामप्रसाद तुमचे कोन?

चांगुणाबाई : माझ्या पाठचा हाय त्यो. कडेवर खेळवला मी.

तृप्ती : आत्या, खाली बस. पाणी पी.

कौसल्या : मला काही झालं न्हाई. मंग वारस म्हणून एकट्याचंच नाव कसं लागलं? वकिलानं तीस वर्षांचे कागद तपासले. कर्ज न्हाई, दावा न्हाई, सगळं साफ म्हन्ला.

तृप्ती : कागद साफच दिसणार. वडील गेल्यावर भावानं लिहून दिलं असेल की वारस मी एकटाच. बहीण आहे हे कागदाला कोण सांगणार?

कौसल्या : थांब. त्यांचाच फोन. हां, बोला भाऊ... आलोत ना, पाहूनच राह्यलोत... शुक्रवारी, हो, अकरा वाजता खरेदीखताला... भाऊ, एक इचारायचं व्हतं. तळमजल्याच्या ह्या बाई तुमच्या नात्यातल्या का?... न्हाईत... भाडेकरू. जुन्या भाडेकरू. बरं... गुरुवारी खोली खाली व्हईल. बरं... न्हाई, त्या काही बोलल्या न्हाईत. ठेवते.

चांगुणाबाई : काय म्हन्ला?

कौसल्या : ऐकलं तुमी.

चांगुणाबाई : तुमी बोलल्या ते ऐकलं. त्यो बी तसंच म्हन्ला का?

कौसल्या : तसंच म्हन्ला.

तृप्ती : आजी, तुम्ही भाडं देता त्यांना?

चांगुणाबाई : मी कुठून देऊ? मी चार घरची भांडी घासते. बाप गेला त्या साली त्यानं कागदावर सही घेतली. म्हन्ला, लाइटचं मीटर तुझ्या नावावर करतो, भाड्याचा कागद लागतो. मंग दर महिन्याला पावती आनून देतो. मी इचारलं, पैसे तर म्या दिले न्हाई. तर म्हन्ला, ठिवून दे, तुझ्याच कामाला येतील. सगळ्या ठिवल्यात. परवा अजून एक कागद दिलाय, सही करून ठिव म्हन्ला. आनते, बघा.

(चांगुणाबाई आतल्या खोलीत जातात. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज.)

तृप्ती : आत्या, हा व्यवहार थांबव.

कौसल्या : थांबवून कुठं जाऊ? तीर्थपुरीचं घर विकलं मी. सोमवारी ताबा द्यायचा हाय. नंदाबाईनं सामान बांधलं. तिघींचा इसार गेलेला हाय त्याच्याकडं.

तृप्ती : खोटं बोलून विकतोय तो. इसार परत करायलाच लागेल.

कौसल्या : लागंल ना. कोर्टात लागंल. मी साठ पार केली, दैवशालाचे गुडघे गेलेत. आम्ही तारखा मोजत बसू का? त्याचा मेव्हणा वकील हाय, ते येगळंच. तृप्ते, मी म्हन्ते, आपन हे ऐकलंच न्हाई तर?

तृप्ती : ऐकलंय ना पण.

कौसल्या : कुनासमोर? तू न् मी. ही बाई कोर्टात जानारी न्हाई. जायची असती तर इतकी वर्सं पावत्या जपल्या नसत्या तिनं.

तृप्ती : आणि गेली तर? माहीत असून घेतलंस, हे तूच स्वतःला सांगशील. मला शपथेवर विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आत्या. आधीच सांगते.

कौसल्या : तू ह्या घरात मला कोंडून राह्यलीस.

तृप्ती : मी नाही कोंडलं. बाई आली, हळू.

चांगुणाबाई : हा बघा. मला अक्षर लागतं, पन हे बारीक हाय. चौथीपोतर गेल्ते मी. काय लिवलंय?

कौसल्या : तुमाला काय म्हनून सांगितलं त्यानं?

चांगुणाबाई : मीटर बंद करायचा अर्ज हाय म्हन्ला. गुरुवारी मला पिंपळगाव रेणुकाईला सोडनार हाय, माझ्या सासरच्या घरी. तिथं एक खोली हाय म्हन्ला.

तृप्ती : सासरी कोण आहे तुमच्या?

चांगुणाबाई : सवत हाय, तिची पोरं हायेत. मालक मेला. ज्या दिवशी तिला घरात आनली, त्या दिवशी मी नेसत्या लुगड्यानं निघून आले. बापानं ही खोली दावली. म्हन्ला, तुला इथून कुनी ऊठ म्हन्नार न्हाई.

कौसल्या : वाचते. “मी खाली सही करणार चांगुणाबाई लिहून देते की, सदर मिळकतीत मी केवळ भाडेकरू म्हणून राहत असून मिळकतीच्या मालकाशी माझे कोणतेही नाते नाही. सदर मिळकतीत माझा कोणताही वारसाहक्क नाही व पुढेही राहणार नाही. येत्या गुरुवारी मी खोलीचा ताबा राजीखुशीने सोडत आहे.”

चांगुणाबाई : परत वाचा.

कौसल्या : समदं?

चांगुणाबाई : नात्याचं वाचा.

कौसल्या : “मालकाशी माझे कोणतेही नाते नाही.”

चांगुणाबाई : त्याला हगवण लागली व्हती ल्हानपनी, आमी गावाकडं व्हतो तव्हा. मी पाठीवर बांधून शहागडपोतर नेलता, डॉक्टरकडं. आई उन्हात चालू शकत नव्हती.

कौसल्या : बसा बाई. बसा खाली.

चांगुणाबाई : सिस्टरबाई, मी करते सही. माझी तक्रार न्हाई. भाऊ हाय त्यो, त्याला पोरंबाळं हायेत. फकत मला हितंच ऱ्हाऊ द्या. एवढ्या खोलीत. तुमची तिघींची भांडी घाशीन, पानी भरीन. पिंपळगावला नका धाडू मला. कुठं करायची सही, बोट ठिवून दावा.

तृप्ती : आत्या?

कौसल्या : तू गप ऱ्हाय जरा.

तृप्ती : तिची सही मिळाली की शुक्रवारी सगळं होईल. तुला हवं तसंच होईल. तेच बघतेयस ना?

कौसल्या : तेच बघून राह्यले. हो. खोटं कशाला बोलू? ती स्वतः म्हन्ते करते, मी जबरदस्ती न्हाई केली. ऱ्हाईल बिचारी इथंच, आमी तिला चांगलंच वागवू. कुनाचं काय बिघडलं?

तृप्ती : मग कर. पेन आहे माझ्याकडं.

कौसल्या : बाई, तुमाला एक सांगते. नोकरीत नवी व्हते तव्हा कुटुंब नियोजनाची शिबिरं लागायची. दिवसाला चाळीस चाळीस बाया. ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद असतो, त्याच्यावर सही नाहीतर अंगठा. वाचून दाखवायचा असतो. वाचायला टाइम कुनाला व्हता? मी बोट धरायची, शाईत बुडवायची, कागदावर ठिवायची. बाया म्हनायच्या, कुठं ठिवू, दावा. जशा आत्ता तुमी म्हन्ल्या. एक जन नंतर येऊन इचारत बसली, मला परत लेकरू कधी व्हईल. लगीन होऊन तीन वर्सं झाली व्हती तिला. एक पोरगी व्हती, ती तापानं गेली. मी काय सांगायचं?

चांगुणाबाई : तुमचा काय दोस त्यात.

कौसल्या : बोट मीच धरलं व्हतं.

चांगुणाबाई : मंग मी काय करू आता? सही केली तर त्यो काढतो. न्हाई केली तर बी काढतो.

तृप्ती : सही केली नाही तर असा काढता येणार नाही, आजी. वडिलांच्या घरात जेवढा त्याचा हक्क, तेवढाच तुमचा. तुम्ही भाडेकरू नाही, मालक आहात. अर्ध्या.

चांगुणाबाई : असं म्हननारे लई भेटतात बाई. संध्याकाळी त्यो दारात उभा ऱ्हाईल तव्हा तुमी असाल का?

तृप्ती : मी... मला पाचच्या बसनं जायचंय.

चांगुणाबाई : तेच म्हन्ते मी.

कौसल्या : तृप्ते, वकिलानं पेपरात जाहीर नोटीस दिल्ती ना आपल्या वतीनं? मिळकतीवर कुनाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी म्हणून?

तृप्ती : दिली होती. आज चौदावा दिवस.

कौसल्या : हरकत आली तर?

तृप्ती : लेखी आली तर वकील खरेदीखत करूच देणार नाही. तिचा हक्क ठरेपर्यंत सगळं थांबेल. आणि तुझा इसारही अडकेल, आत्या. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. नीट विचार कर. दैवशालामावशींना विचार आधी.

कौसल्या : इचारलं तर ती न्हाई म्हनंल. मंग मला बी ह्या बाईला न्हाई म्हनायला बरं पडंल. म्हणून इचारत न्हाई. कोरा कागद दे.

तृप्ती : तू लिहिणार? स्वतःच्याच खरेदीवर हरकत?

कौसल्या : अक्षर माझं चांगलं हाय. वाचत जाते बाई, तुमी ऐका. नाही पटलं तर तिथंच थांबवा मला. “मी चांगुणाबाई, कडूबा यांची मुलगी. सदर मिळकत माझ्या वडिलांनी स्वतः बांधली असून त्यांच्या पश्चात मी व माझा भाऊ रामप्रसाद असे दोन वारस आहोत. मी भाडेकरू नाही. माझ्या संमतीशिवाय होणाऱ्या खरेदीस माझी हरकत आहे.” पटलं?

चांगुणाबाई : मदीच लिवा, की भावाशी माझं भांडन न्हाई.

कौसल्या : ते कागदावर लिवत न्हाईत बाई.

चांगुणाबाई : लिवा तुमी. मला लिवायचं हाय ते.

कौसल्या : “माझे भावाशी भांडण नाही.” लिवलं.

चांगुणाबाई : आन् तुमी? सोमवारी तुमी तिघी कुठं जानार?

कौसल्या : ठाऊक न्हाई. नंदाबाईला सांगते, बांधलेलं सामान सोडू बी नको आन् हलवू बी नको. आज संध्याकाळी मी हितंच थांबते, त्यो येईपोतर. दारात दोघी बसू.

चांगुणाबाई : त्यो तुमाला लई बोलंल.

कौसल्या : बोलंल. हितं करा सही. आता मी बोट न्हाई दावत, जागा तुमीच बघा.

चांगुणाबाई : नाव कसं लिवू? सासरचं का बापाचं?

कौसल्या : बापाचं.

चांगुणाबाई : लई वर्सांत लिवलं न्हाई. चांगुणा... क... सिस्टरबाई, कडूबामदल्या ड ला उकार पहिला का दुसरा?

कौसल्या : दुसरा.