अर्धा विडा

कोकिळा: दार लोटून घेतलं तरी तुमचे कान बंदराकडंच.

येसाजी: तरीची होडी सुटायची वेळ झाली. ऐक, डबा वाजला.

कोकिळा: वाजंना का.

येसाजी: अंबाजी डबा वाजवायचा का गं कधी? नुसती हाक मारायचा. खाडीपल्याड साळावला माणूस जेवणावरनं उठून किनाऱ्याला यायचा. आता तरीवर उभा राहून रॉकेलचा डबा बडवतो. उतारू हसतात.

कोकिळा: उद्या जत्रेत नाटक हाय. सरदाराचं काम तुमाला मिळालंय. त्याकडं बघा.

येसाजी: पाठ हाय मला. इतकी वर्षं त्याच्याच तोंडून ऐकलंय.

कोकिळा: आणि इतकी वर्षं तुमी काय केलंत? म्हातारा राजा. पयल्याच अंकात सरदाराच्या हातून मरायचं आणि मग पडद्यामागं बिड्या ओढत बसायचं. लोक घरी जाताना नाव कुणाचं घ्यायचे? अंबाजीचं. मी बायकांत बसून ऐकायची.

येसाजी: मला त्याचं वाईट वाटायचं न्हाय.

कोकिळा: खोटं बोलू नका. मुंबईचा नाटक कंपनीवाला यंदा जत्रेला अंबाला बघायला येतोय, हे सांगताना तुमी भात टाकून उठलात. तवाच मी म्हटलं, गाणाऱ्याला विड्यातनं शेंदूर दिला की घसा जातो. तुमी म्हणायचं होतं, गप बस. तर तुमी दुसऱ्या दिवशी मारुतीच्या अंगावरचा शेंदूर खरवडून पुडी आणून दिलीत.

येसाजी: आणली. मला वाटलं, जत्रेपुरता घसा बसंल. मागनं सुटंल.

कोकिळा: मला तरी कुठं ठाऊक होतं? ऐकलं होतं तेवढंच. सुकट उलटता उलटता जन्म चाललाय, वाटलं, तुमच्या नावानं मुंबई तरी बघंन. आता त्या मारुतीपुढनं जायची हिंमत होत न्हाय. पाण्याला जाते ती वळसा घालून.

येसाजी: आगबोटीनं त्याला मुंबईला नेला. डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं. आवाज परत यायचा न्हाय म्हणाला. आल्यावर त्याची बायको राही माझ्यापुढं बसून रडली. म्हणाली, दादा, त्यांचा पार्ट तुमीच करा, परक्याला देऊ नका.

कोकिळा: हे मला रोज सांगून काय होणार हाय? त्यांच्या पोटातनं ते काढून घेता आलं असतं तर काढलं नसतं का मी?

येसाजी: सांगून टाकू या त्याला.

कोकिळा: सांगून आवाज येणार हाय का? येणार असंल तर आत्ता जाते, पाय धरते त्यांचे. न्हाय ना येणार? मग नाटक तरी नीट करा. न्हायतर एवढं कशापायी केलं आपण?

येसाजी: तुला दिसत न्हाय ते. मला दिसतं. त्या दिवशी तालमीआधी त्यानं विडा मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. लहानपणापासनं देतो तसा. मी म्हटलं, दाढ दुखतीय.

कोकिळा: नका आठवू.

येसाजी: म्हणाला, मग तुझा वाटा पण मीच खातो. आणि खाल्लान.

कोकिळा: हळू बोला. अंगणात कोण हाय बघा. अवो, भावोजीच.

(अंबाजी दारात येतो. काखेत फडक्यात गुंडाळलेली तलवार. तो सगळं खुणांनीच सांगतो.)

येसाजी: ये अंबा. बस.

कोकिळा: बसा भावोजी. चहा टाकू? नको? बरं.

येसाजी: ही तुझी तलवार कशाला आणलीस? मला मंडळाची लाकडाची हाय, ती पुरे. बरं, ठेव. ठेव म्हणतो ना.

कोकिळा: कमरपट्टा पण आणलाय. बांधून बघा म्हणतात.

येसाजी: काय रे? राजाला मारून बाहेर आल्यावर? लगेच बोलायचं न्हाय. आधी आपल्या हाताकडं बघायचं. मग बोलायचं. व्हय, कळलं. करीन तसं.

कोकिळा: बघा, सगळं शिकवून जातायत.

येसाजी: अंबा, ऐक. मी उद्या उभा राहत न्हाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय ते. तोंडावर हात कशाला ठेवतोस? मला बोलू तरी दे.

कोकिळा: ते ऐकायचे न्हायत. छातीला हात लावतात आणि तुमच्याकडं दाखवतात.

येसाजी: कळतंय मला काय म्हणतोय ते. म्हणतोय, तू बोललास की मीच बोललो.

कोकिळा: आता तिकडं काय दाखवताय, भावोजी? तबक?

येसाजी: पान हवंय त्याला. तालमीआधी वैनीच्या हातचाच विडा लागतो, विसरलीस?

कोकिळा: न्हाय विसरले. देते. चुना जरा कमीच लावते, घशाला... घ्या, भावोजी.

येसाजी: अर्धा मला? नको रे, अंबा. तूच खा.

कोकिळा: घ्या की. किती वेळ हात पुढं धरून उभं राहायचं त्यांनी?

येसाजी: माझ्या घशाखाली उतरणार न्हाय.

कोकिळा: तुमच्याकडंच बघतायत ते. असं करू नका. घ्या, खावा गुमान. या विड्यात काय घातलेलं न्हाय मी.

येसाजी: कोकिळा, त्याचा आवाज गेलाय. कान न्हाय गेले.