गोठ्याकडची खिडकी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाईंच्या शेजारी दोन म्हातारी भावंडं जुन्या शेतघराच्या दुरुस्तीवरून हुज्जत घालत होती. बाईंनी कान टवकारले.

“ताई, गोठ्याची माझ्यासाठी खोली केलीस, झकास झाली. पण आपल्या मधल्या भिंतीतली ती खिडकी गवंड्याला बुजवू दे की.”

“मुळीच नाही. रात्री गाय कण्हली तर ऐकू यावं, म्हणून आजोबांनी ठेवलीय ती.”

“अगं, गाय आहे कुठे आता?”

“तू आहेस ना. खोकलास तर मला कळायला नको?”

“म्हणजे मी गाय!”

“गाय निदान औषध मुकाट्याने घ्यायची.”

भाऊ खोकत खोकत हसला. “बरं बाई, राहू दे. पण कडी माझ्या बाजूला हवी.”

“त्या खिडकीला कडी नाहीच. आजोबांनी बसवूच दिली नव्हती.”