आरसा कोणी फिरवायचा?

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या पाठ्यपुस्तक संस्थेचे आदरणीय संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या पत्नी आणि सभागृहातील शिक्षक बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

विज्ञान समितीचे प्रमुख आज निवृत्त होत आहेत. आधीच्या वक्त्यांनी त्यांचा इतका गौरव केला, की माझ्या वाट्याला केवळ एक काना उरला आहे. मी समितीची भाषातज्ज्ञ. काना-मात्रा पाहणे हाच माझा पेशा.

प्रकाशाच्या परावर्तनाचा पाठ आपल्यापैकी अनेकांनी शिकवला असेल. तो लिहिला भौतिकशास्त्राच्या बाईंनी. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. पुस्तकात मुलीही प्रयोग करताना दिसाव्यात, असा समितीचाच ठराव होता. म्हणून बाईंनी लिहिले, ‘ती आरसा हळूहळू फिरवते आणि कवडशाचे निरीक्षण करते.’ वाक्य एक, कर्ता एक. सत्कारमूर्तींनी मध्ये एक सर्वनाम घुसवले, शेवटी एक काना वाढवला आणि छापून आले, ‘ती आरसा हळूहळू फिरवते आणि तो कवडशाचे निरीक्षण करतो.’

बाईंनी विचारले, “सर, हा ‘तो’ कुठून आला?”

“अहो बाई, आरसा मुलीच्या हातीच शोभतो.”

“आणि डोळे?”

“विज्ञानाला लिंग नसतं. उगाच फाटे फोडू नका.”

तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे थांबावे लागते. लिंग नसेल, तर ‘ती’ राहिल्याने काय बिघडत होते? आणि बिघडत असेल, तर नसते कसे?

पुढे शाळांतून तक्रारी आल्या. फिरवणार एक, पाहणार दुसरा. कोन जुळायचा कसा? सत्कारमूर्तींचे शास्त्रीय निदान तयार होते: “मुलींचे हात थरथरतात.”

बाईंनी पुढच्या बैठकीत विषय पुन्हा काढला. मी आजारी होते, गैरहजर होते. सत्कारमूर्ती म्हणाले, “आमच्या भाषातज्ज्ञ ताईंचंही हेच मत आहे.” मला त्यांनी विचारलेदेखील नव्हते. बाई उठल्या, समिती सोडून गेल्या. एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही दोघी. त्यानंतर त्या मला पाहून जिना बदलू लागल्या. का, हे मला गेल्या वर्षी कळले. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून माझीच मैत्रीण टिपली गेली होती.

असो. उद्यापासून समितीची सूत्रे माझ्याकडे येत आहेत आणि सत्कारमूर्तींना सल्लागार म्हणून राहायची इच्छा आहे. काल त्यांचा फोन आला. “ताई, तेवढं माझं बघा. पुस्तक म्हणजे माझं लेकरू आहे हो.”

“बघते,” म्हटले.

बघितले. संचालक महोदय, त्यांच्या सल्लागारपदाचा प्रस्ताव नामंजुरीच्या शेऱ्यासह मी आपल्या टेबलावर ठेवला आहे. कारण लिहिले आहे, ‘भाषातज्ज्ञांचे मत प्रतिकूल.’ या खेपेला ते भाषातज्ज्ञांना विचारून लिहिले आहे. परावर्तनाचा पाठ बाई नव्याने लिहितील. त्यांनी सकाळीच होकार दिला.

सत्कारमूर्तींना उत्तम आरोग्य आणि भरपूर विश्रांती लाभो. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही उणे राहिले असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. अधिक झाले असेल, तर ते चुकून झालेले नाही.