गाद्यांच्या दुकानात सासूबाईंचा सोल

...आणि वर मलाच म्हणतात, ‘जावईबापू, जरा श्वास घेऊ नका!’ आता काय करायचं माणसानं? दुकान माझं, गाद्या माझ्या, नाक माझं, आणि श्वास घ्यायला परवानगी कुणाची, तर सासूबाईंची! का, तर आत रेकॉर्डिंग चाललंय, आणि माझा श्वास म्हणे गाण्यात येतो! अहो, मी गादीवाला माणूस, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण श्वास नाही घेतला तर काय होतं एवढं कळतं की नाही?

थांबा, नीट सांगतो. आमच्या सासूबाई, म्हणजे हिची आई, तरुणपणी दिवसा टायपिंग शिकवायच्या आणि शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात गायच्या. इंग्रजी गाणी. तीही साधीसुधी नाही... सोल! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, ‘सोल? म्हणजे बुटाचा?’ त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगी दिली ती परत मागतात की काय! म्हणाल्या, ‘जावईबापू, बाकीची गाणी गळ्यातून येतात. ही पोटातून निघतात, आणि वर येताना काळजाला धक्का मारून येतात.’ मी म्हटलं, असेल बुवा. आमच्या पोटातून काय येतं ते सांगायची सोय नाही.

हॉटेलात त्यांच्या मागे गिटार वाजवायचे आमचे सासरे. तिथंच जमलं दोघांचं. पुढे हॉटेल बंद पडलं, गाणं घरात आलं, स्वयंपाकघरात आलं, कुकरच्या शिट्टीबरोबर चालायचं. पण सासरे गेले आणि आईंनी गाणंच टाकलं. गुणगुणणंसुद्धा नाही हो! हिला फार लागायचं ते. म्हणायची, ‘अहो, आईकडे गेलं की घर कसं टीव्ही बंद केल्यासारखं वाटतं.’

तर झालं काय, यंदा आईंचा आवाज बसायला लागला. खोकल्याची औषधं झाली, गुळण्या झाल्या, शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ‘गाठ आहे, साधी आहे, काळजीचं कारण नाही. काढून टाकू. फक्त आवाज पुन्हा असाच राहील याची खात्री देता येत नाही.’ ही रडायच्या बेतात, मी पाणी शोधतोय, आणि आई काय म्हणाल्या असतील? ‘डॉक्टर, मग तारीख जरा पुढची द्या. मला कॅसेट काढायचीय.’

डॉक्टर म्हणाले, ‘कॅसेट?’

‘तुम्ही आता काय म्हणता ते... अल्बम! आमची जुनी सगळी गाणी. हा आवाज आहे तोवर.’

इतकी वर्षं तोंडातून सूर नाही, आणि एकदम अल्बम! पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना ही रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. मग मी कसला नाही म्हणतोय!

बरं, रेकॉर्डिंग करायचं कुठं? एक मुलगी भेटली, चांगली हुशार, सारखी कानाला हेडफोन, आम्ही तिला कानवालीच म्हणायला लागलो. ती घर बघायला आली, टाळी वाजवली, म्हणाली, ‘घुमतंय.’ हॉल बघितला, टाळी, ‘घुमतंय.’ मग माझ्या दुकानात सहज पाणी प्यायला आली, टाळी वाजवली... आणि घुमलंच नाही! पुन्हा वाजवली. चेहरा असा उजळला, जसं काही गुप्तधन सापडलं! ‘काका, आवाज कसा गिळतात हो या गाद्या! इथंच करायचं!’ मी म्हटलं, अगं, गाद्या झोपायला असतात, गिळायला नाही! पण ऐकतंय कोण? मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही म्हटल्यावर माझं मत विचारायचं नाही असा घरात ठरावच झाला.

दर सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी हा सगळा संसार मांडायचा. आधी गाद्यांच्या उभ्या भिंती केल्या. मग कानवाली म्हणते, ‘प्लॅस्टिक सळसळतंय, काढा.’ काढलं! नव्याकोऱ्या गाद्या, नागड्या केल्या हो माझ्या! मग आईंचे जुने सोबती आले, एक ड्रमवाले आणि एक ऑर्गनवाले. त्या ऑर्गनवाल्यांनी खालचा सूर धरला आणि कोपऱ्यातून उत्तर आलं, ‘टुंईंईं...’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. अहो, मी नाही! स्प्रिंगच्या गाद्या! आतल्या स्प्रिंगा गायला लागल्या! म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या गाद्यांना गाणं जास्त कळतं! मग काय, स्प्रिंगच्या सगळ्या गाद्या फुटपाथवर. एक बाई आल्या, ‘सेल आहे का हो?’ मी शटरखालून कुजबुजत, ‘नाही, सोल आहे.’ बाई म्हणाल्या, ‘माझी पाठ दुखते, जरा पडून बघू का?’ पडल्या. आत आई गायला लागल्या. बाईंना फुटपाथवर, भर दुपारी, अशी गाढ झोप लागली, की उठल्यावर म्हणाल्या, ‘हीच गादी द्या, आणि आत कुणी गात होतं ते पण द्या.’

आणि आई गात होत्या कशा, सांगू? मला ओ की ठो कळत नाही, पण बसलेला तो आवाज, कडेला जरा फाटलेला, मध्ये कुठंतरी असा मऊ व्हायचा, की मी गाद्या मोजायचं विसरायचो. ही तर दाराशी उभी राहून नुसती ओठ चावायची.

एकेक करत सगळी गाणी झाली. राहिलं एकच. त्यात बाई विचारते, ‘आहेस ना रे?’ आणि बुवानं उत्तर द्यायचं, ‘आहे, इथंच आहे.’ ते उत्तर सासरे द्यायचे. आई तिथवर यायच्या, विचारायच्या... आणि पुढे शांतता. तिथंच गाणं थांबायचं. ऑर्गनवाले म्हणाले, ‘मी म्हणू का?’ म्हणाले; आई म्हणाल्या, ‘छान,’ आणि डोळे पुसले. ड्रमवाल्यांनी करून पाहिलं, तसंच. आई खुर्चीत बसल्या. ‘राहू दे हे. एवढं एक राहू दे.’ आणि ऑपरेशन आलेलं त्याच आठवड्यात!

ही गेली, आईजवळ खाली बसली. ‘आई, एकदाच. माझ्यासाठी.’

आई उठल्या. मी कुठं? गाद्यांची मागची भिंत कलायला लागली होती म्हणून तिला पाठ लावून उभा, श्वास कोंडलेला, हुकूमच होता! गाणं चाललं. ती जागा आली. आईंनी विचारलं, ‘आहेस ना रे?’ इंग्रजीत, पण असं विचारलं, असं विचारलं हो... आणि पुन्हा ती शांतता. आणि मला काय झालं देव जाणे, ती शांतताच सोसेना, गादीमागून, बेसूर, आपल्या भाषेत, मी ओरडलो, ‘आहे! आहे ना! इथंच आहे!’

मेलो! म्हटलं, आता मुलगी नक्की परत मागतात!

पण आई मधेच हसल्या. गाता गाता हसल्या हो, खळखळून, आणि त्या हसण्यातूनच पुढची ओळ उचलली, आणि असं गाणं वर गेलं, वर गेलं... ड्रमवाले उभे राहून वाजवायला लागले, भिंत माझ्या अंगावर आली, मी गादीखाली, पण गाणं थांबलं नाही!

संपल्यावर मी खालून म्हटलं, ‘आई, माफ करा, इंग्रजीत म्हणायला हवं होतं.’

आई म्हणाल्या, ‘आमचे हे कुठं इंग्रजीत म्हणायचे? त्यांना कसलं इंग्रजी येतंय! आपल्याच भाषेत ठोकून द्यायचे. हॉटेलातल्या लोकांना वाटायचं, काहीतरी परदेशी आहे.’

कानवाली रडत होती. म्हणाली, ‘हेच ठेवायचं. पुन्हा नाही करायचं.’

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधीच निघाली. बरेच दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग आवाज आला तो बराच खाली उतरलेला, पण भरदार! आईंनी एक सूर लावून पाहिला, आणि खूश! ‘अगं, हा तर जास्त चांगलाय!’ अल्बम निघाला, लोकांनी ऐकला, आणि आता हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय. त्यात मी! त्या एका उत्तरासाठी! आणि त्याची तालीम रोज सकाळी, चहाच्या आधी!

कालचीच गोष्ट. सतरा वेळा ‘आहे, इथंच आहे’ म्हणून झालं, तर आई म्हणतात, ‘जावईबापू, सूर राहू दे, तो काही यायचा नाही... पण भाव कमी पडतोय, भाव वाढवा!’

आता बोला! बापजाद्यांपासून दुकान चालवतोय, ‘भाव वाढवा’ म्हणणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं... भेटलं ते घरात, आणि तेही सासू! वाढवतोय बापडा.