मोठी माय त्या दिवशी कुठं होती

आमचं गाव बिरसीकडचं, आता तिथं विमानं उतरते, पण मी सांगून राहिली त्या काळी नुसत्या धानाच्या बांध्या होत्या. थांबा, आधी तुम्ही सांगा, हे लिहून कोणाले देणार? कोणी पाठवलं तर नाही ना तुम्हाले? रागावू नका जी, मी कोंड्याची बेपारी, कुडव्याले दुकान आहे, राइस मिलमधून कोंडा उचलते अन् म्हशीवाल्यांले विकते, मूठभर कोंडा हातात घेतला की त्यात भुसा किती मिसळला ते सांगते. मिलवाला शेठ मले पाहून म्हणते, आ गई झगडनेवाली. म्हणू द्या. झगडली नसती तर आजही दुसऱ्याच्या बांधीत रोवणं करत राहिली असती.

तर आमच्या घरचे दोघं लढाईत गेले, दोघंही आपल्या मनानं. आजा जर्मनच्या लढाईत गेला, एक कान बहिरा करून परत आला. मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ, चीनची लढाई लागली तेव्हा गेले अन् पुढं पाकिस्तानच्या लढाईत तिकडंच संपले, मातीही घरी आली नाही. मी तेव्हा जन्मलीही नव्हती. माझी माय लवकर गेली, मले वाढवलं मोठ्या बाबांच्या बायकोनं, मोठ्या मायनं, म्हणून हे सारं तिच्या तोंडून माहीत.

काय सांगू तुम्हाले, लग्नाले वर्षही झालं नव्हतं. कापणी सुरू होती. मोठी माय दुपारी शिदोरी घेऊन बांधीत गेली तर विळा धुऱ्यावर ठेवलेला, अर्धा धान उभा, अन् माणूस नाही. हाका मारल्या, तळ्याकडं पाहिलं. सांजेले कळलं, भंडाऱ्याले भरती सुरू आहे, पोरांसंग ट्रकात बसून गेले. आजा म्हणाला, मलेही नाही सांगितलं. माझा नाही विश्वास. सुटीवर एकदा आले तेव्हा तिनं विचारलं, तर हसले अन् म्हणाले, पुढच्या खेपेले सांगतो. पुढची खेप आलीच नाही.

अन् गाव काय म्हणे? बायको पसंत नव्हती म्हणून पळाला. तळ्यावर बाया तिले ऐकू जाईल असंच बोलत. मी मोठी झाली तशी एकेकीशी भांडली, पण भांडून काय होते, मोठी माय मलेच विचारे, काऊन सांगून नाही गेले व? साऱ्या जन्मात तिनं एवढंच विचारलं.

आता यंदा गावच्या पोरांले एकाएकी मोठे बाबा आठवले. विहारात फोटो लावायचा, कार्यक्रम करायचा. मी म्हटलं, काऊन रे, निवडणूक आली का? म्हणे, नाही आत्या, इज्जत देऊन राहिलो. इतकी वर्षं पळपुटा म्हणत होते, तेव्हा इज्जत कुठं होती? तरी गेली, मोठी माय निघाली म्हणून. पोरांनी आमगावकडचे टेंभरे बाबाजी आणले होते, पवार समाजाचे, मोठ्या बाबांच्याच पलटणीतले, काठी टेकत आले. हारतुरे झाले अन् मोठी माय साऱ्यांसमोर उठून त्याहिले म्हणाली, ते मले न सांगता काऊन गेले जी?

म्हातारा म्हणाला, वहिनी, तो नेहमी सांगायचा, तुम्ही त्या दिवशी माहेरी होत्या. म्हणायचा, तिनं पाहिलं असतं तर माझा पाय निघाला नसता.

माझं डोस्कं भडकलं. माहेरी? अन् शिदोरी कोणी नेली होती? मी उभी झाली, म्हटलं, बाबाजी, कोणी पढवलं तुम्हाले? तर मोठ्या मायनं माझा पदर ओढून मले खाली बसवलं अन् म्हणाली, हो जी, माहेरीच होती मी.

निघताना मी म्हाताऱ्याले जीपजवळ अडवलं. खरं सांगा म्हटलं, मी लबाडी ओळखते. तो म्हणाला, पोरी, नातवाची शपथ, त्यानं मले हेच सांगितलं होतं. मी डोळ्यात पाहत राहिली, जी, तो माणूस खोटा नव्हता. मग खोटं कोणाचं? मोठ्या बाबांचंच ना? बायकोले टाकून आलेला माणूस मित्राजवळ अशी गोष्ट रचून काऊन सांगते? मनात काही टोचत असल्याशिवाय? माहीत नाही मले.

घरी येऊन मी म्हटलं, माय, तू भर विहारात खोटं बोलली. ती वांगे चिरत होती. म्हणाली, तुझ्या कोंड्यात भुसा पडला का? चूल पेटव.

आता ती विचारत नाही. शेजारच्या पोरीले परवा सांगत होती, मी माहेरी गेली होती ना, म्हणून भेट नाही झाली. मी ऐकलं अन् तोंड उघडलं नाही. तुम्ही भले माणसं दिसता, सुखी राहा. पण तिले वाचून दाखवाल तेव्हा शिदोरीचं गाळा. मी तिथंच बसून राहीन.