शेगडीवरच्या अक्षता

विजेची शेगडी दुरुस्त करणं सोपं असतं असं कुणी म्हणालं, तर त्याला आमच्या पुंडलिकनगरच्या घरी पाठवा.

खंडेनवमीला आमची आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते, मिक्सरपासून माझ्या स्कूटरपर्यंत. दुसऱ्या दिवशी दसरा. बहीण-भावजी जेवायला येणार, गॅस संपलेला आणि विजेची शेगडी काही केल्या तापेना. मी म्हटलं, आज हिला सोडतच नाय! शहागंजच्या बाजारातून नवी कॉइल आणली, जुनी उपसून काढली. तेवढ्यात आई आली. "नवी वस्तू हाय, थांब जरा," म्हणून हळद-कुंकू वाहून, उघड्या शेगडीवर अक्षता टाकून गेली. कॉइल बसवून खटका दाबला, तर शेगडी थंडच.

कॉइल काढून तणतणत दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी तिथंच तिला वायर जोडून दाखवली, तर कॉइल लालबुंद! म्हणाले, "माल तो अच्छा है मियाँ, घर में जाके देखो."

घरी आलो, प्लग काढला आणि कॉइलच्या पिना जिथं खोचतात, तिथं बॅटरी मारली. फटीत तांदूळ अडकलेले! ते चिमट्यानं एकेक काढले, कॉइल बसवली, शेगडी लगेच तापली. मागं वळून बघतो, तर आई परत पूजेचं ताट घेऊन दारात.

मी शेगडीसमोर आडवाच आलो. "आई, अक्षता टाकायच्याच असतील तर माझ्या डोक्यावर टाक!"

आई म्हणाली, "तुझ्या लग्नात टाकल्या की रं. तवापासून तू बी बंदच पडलायस."