सगळं हाताशी

अक्का : आणि ही शिट्टी कशाला गळ्यात? शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला तुला.

सर : सूनबाईला बोलवायला. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे बाथरूम.

अक्का : आणि तीन?

सर : तीनची वेळ अजून आलेली नाही.

सून : आत्याबाई, ते पडले ना, तेव्हापासून मीच दिलीय. खेळाचे मास्तर, फुंकायची सवय. पाणी, औषधं, पेपर, फोन, सगळं हाताशी ठेवलंय बघा. त्यांना उठावंच लागत नाही.

अक्का : तेच तर म्हणतेय. हा खुर्चीत बसलाय की खुर्चीच याच्यात रुतलीय, कळेनासं झालंय!

सर : अक्के, थट्टा पुरे. पाय लटपटतात माझे. आणि उठून करायचं काय? जेवण नको वाटतं. मित्राचा फोन आला तर झोपलोय म्हणून सांगायला लावतो. खरं सांगू? सकाळी जाग आली की वाईट वाटतं, कशाला आली म्हणून.

सून : बाबा! हे मला कधी बोलला नाहीत.

सर : त्यासाठी शिट्टी ठरली नव्हती ना.

अक्का : बाळ्या, इकडे बघ. माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मीही अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरीण म्हणाली, पाय गळाले की मन गळतं आणि मन गळालं की पाय उचलत नाहीत. तिने मनासाठी गोळ्या दिल्या, आणि वर रोज खुर्चीतून ऊठबस करायला लावली.

सर : उठाबशा? त्या तर मी पोरांना द्यायचो!

अक्का : मग भोग आता. सूनबाई, उद्या याला डॉक्टरांकडे ने. नुसते पाय दाखवू नकोस, हे सकाळचंही सांग. आणि ती पाण्याची बाटली ठेव तिकडे खिडकीपाशी.

सून : आणि पुन्हा पडले तर? बाथरूममध्ये सापडले तेव्हा डोळे उघडत नव्हते हो. मला फार भीती वाटते.

सर : तुला भीती वाटते म्हणून तर मी हलत नाही.

सून : अहो, आणि तुम्ही हलत नाही म्हणून मला वाटायचं, अंगात त्राणच उरलं नाही!

अक्का : वा! छान चाललंय दोघांचं. चला, मी निघते. काय बाई खोल सोफा हा! अगं, तू नको येऊस. याला हात देऊ दे.

सर : मी? माझाच मला भरवसा नाही.

अक्का : भरवसा कुणी मागितला? हात मागितलाय. दोन्ही हात खुर्चीवर दाब, पुढे वाक. पोरांवर ओरडायचास तसा ओरड स्वतःवर.

सर : ऊठ रे, आळशा! ऊठ! ... उठलो की! आता तू ये.

(दोघं एकमेकांची कोपरं धरून डुलत उभी.)

सून : अगंबाई! नक्की कोण कुणाला धरतंय?

अक्का : ते नंतर ठरवू.

सर : दारापर्यंत सोडतो तुला.

सून : आणि परत येताना?

अक्का : मी याला खुर्चीपर्यंत सोडीन.

सून : मग तुम्हाला पुन्हा दारापर्यंत कोण?

सर : झालं! आता हे रात्रीपर्यंत चालणार. सूनबाई, अगं रडतेस काय? ये मागून. धरू नकोस, नुसती ये.

सून : आले, बाबा.

सर : आणि संध्याकाळी माझं ताट इकडे आणू नकोस. मी येतो टेबलावर.